यादीपेक्षा एक मत कमी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त वेळा आठवते ती एका शिलाई मशीनची चोरी. तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचे नाव आणि माणसांची नावे मुद्दाम देत नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळची हजेरी चालू असताना गावातला टेलर ठाण्यात आला. पन्नाशीचा, हडकुळा, मोजकेच बोलणारा माणूस. बायकोसह तो दोन दिवस कामरगावला मुलीकडे गेला होता. परत आला तर दुकानाचे कुलूप तुटलेले आणि मशीन गायब. कापड, कात्री, गिऱ्हाइकांचे शिवून ठेवलेले कपडे, सगळे जागच्या जागी होते.

चोर फक्त एकच जड वस्तू नेतो तेव्हा त्याला ती विकायची नसते. दुसऱ्याचे हात बांधायचे असतात. ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवली आणि मी पंचनाम्याला स्वतः गेलो.

बीट जमादाराने वाटेतच कारण सांगितले. गावातले एक मोठे शेतकरी निवडणुकीत उभे होते. मतदानाआधी त्यांनी वॉर्डातल्या लोकांना मारुतीच्या देवळात बोलावून नारळावर हात ठेवायला लावला होता. कोण आपला, याची यादीच त्यांनी केली होती. मोजणीत यादीपेक्षा एक मत कमी निघाले आणि तेवढ्यानेच ते पडले. यादीत धरलेला, पण देवळात न गेलेला माणूस एकच, हा टेलर. "मत माहं मी देईन, पण नारळावर हात ठेवनार नाई," असे तो सर्वांसमोर म्हणाला होता.

मला हेतू मिळाला. तो पक्का करावा म्हणून मी टेलरला केबिनमध्ये बसवून विचारले, "मत कोणाला दिलं होतं?"

त्याने गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळली. मी पुन्हा विचारले.

"सायब, ते नाई सांगत मी."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी विचारतोय. त्यांनाच दिलं असेल तर तसं सांगा, गावात मीच सांगतो. तुमच्यावरचा संशय तरी जाईल."

"मशीन गेली, ते सांगून राह्यलो. दुकान फोडलं, ते सांगतो. मत काहून सांगू? त्यायनंही हेच इचारलं. तुमीही हेच इचारता. मंग मी ठान्यात कायले आलो?"

मी त्याला बाहेर बसायला सांगितले. राग आला होता, हे कबूल करतो. गणवेशातल्या माणसाला फिर्यादीकडून असे ऐकायची सवय नसते. पण तो म्हणाला ते खोडून काढता येईना.

चार दिवस काहीच हाती लागले नाही. तुरीची कापणी चालू होती. विचारले की एकच उत्तर: आमी वावरात होतो. मग बाजाराच्या दिवशी पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर मला भेटला. "सायब, त्या शेतकऱ्याच्या इहिरीत मोटर सोडली त लोखंडाले लागली. माहं नाव नोका घेऊ."

विहिरीत दोर सोडून आम्ही मशीन वर काढली. चाकाला शेवाळ धरू लागले होते. गावात पंच म्हणून सही करायला कोणी पुढे येईना, म्हणून शेजारच्या गावातून दोघांना आणावे लागले. शेतकरी शांतपणे म्हणाले, "विहीर उघडी आहे, साहेब. कोणीही काहीही टाकू शकतो." त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. संध्याकाळी एका पुढाऱ्याचा फोनही आला: किरकोळ प्रकरण आहे, मिटवून टाका.

त्या शेतकऱ्यांकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार होता. त्याला चौकशीला बोलावले. खरे सांगणारा माणूस अडखळतो, मधेच काही आठवून स्वतःलाच दुरुस्त करतो. पढवून पाठवलेला माणूस तेच वाक्य त्याच शब्दांत म्हणतो. "मले काई मालूम नाई," हे त्याने इतक्या वेळा एकाच चालीत म्हटले की त्याला सगळे माहीत आहे, याची माझी खात्री पटली. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. डोक्यावर पदर, हातात चष्म्याच्या दुकानाची पिशवी. त्या शेतकऱ्यांच्या पत्नी होत्या. चष्मा करायला म्हणून तालुक्याला आल्या होत्या. मी महिला पोलीस शिपायाला बोलावले आणि त्यांना खुर्ची दिली.

"मशीन आमच्याच टॅक्टरवर गेली," त्या म्हणाल्या. "मी अंगनात दाने निवडत होती. सालदारानं पहार नेली, घंट्याभरानं मशीन घेऊन आला. मालक म्हने, इहिरीत टाक. मी माह्या कानानं आयकलं."

"हे न्यायालयात सांगाल?"

"सांगीन."

"घरी त्रास होईल."

"व्हईल. माहा भाऊ मालेगावले हाय, त्याच्याकडं जाईन." मग त्या म्हणाल्या, "टेलरचा काई दोष नाई, सायब. ते कमी पडलेलं मत त्याचं नाई. कोनाचं हाय, मले मालूम हाय. सांगू?"

जबाब मी स्वतः लिहून घेत होतो. मी पेन खाली ठेवले. "नका सांगू, ताई. त्याची या तपासात गरज नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग जबाब वाचून दाखवायला सांगितले आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. जबाबात ट्रॅक्टर होता, पहार होती, मशीन होती. बाकी काही नव्हते.

मालकीणबाई येऊन गेल्याचे कळताच सालदाराने सगळे कबूल केले. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही. पण त्याने गोठ्यातून पहार काढून दिली आणि तिच्या टोकाची खूण कुलपाच्या कोयंड्याशी जुळली. त्याच संध्याकाळी मी मालकाला अटक केली. अटकेच्या कागदावर सही करताना ते हळूच म्हणाले, "साहेब, एवढी चौकशी केली तुम्ही. ते मत कोणाचं होतं, ते निघालं का?"

"मी कोणाला विचारलंच नाही," मी म्हणालो. हे पूर्ण खरे नव्हते. एकाला विचारले होते.

खटला बरीच वर्षे चालला. मधल्या काळात टेलरला नव्या मशीनची लालूच दाखवली गेली. त्याने नकार दिला. न्यायालयाच्या आदेशाने त्याची जुनी मशीन परत मिळाली आणि गंज काढून तो तिच्यावरच बसला. बाईंनी साक्ष दिली, चार वाक्यांत. मालक आणि सालदार दोघांनाही शिक्षा झाली, फार मोठी नाही. बाई काही महिने भावाकडे राहिल्या. पुढे घरी परतल्या, एवढेच मला कळले.

निवडणुकीचा बंदोबस्त मी पुष्कळ वेळा केला होता. पेट्या सांभाळल्या, यंत्रे सांभाळली, रांगा सरळ केल्या. गुप्त मतदान हे शब्द परिपत्रकांत रोज वाचत होतो. त्यांचा अर्थ मात्र मला एका टेलरने केबिनमध्ये समजावला, तोही मी चुकीचा प्रश्न विचारल्यावर. गावात ज्याच्याकडे जमीन नाही, माणसे नाहीत, त्याच्याकडेही एक गोष्ट अशी असते की ती मागायचा हक्क मालकाला नाही, नवऱ्याला नाही आणि ठाणेदारालाही नाही.

पुढच्या निवडणुकीत, मतदानाच्या आदल्या दिवशी, मी मंगरूळपीर भागातली केंद्रे तपासत होतो. एका शाळेत मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा उघडी बाजू खिडकीकडे करून ठेवला होता. बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या माणसाला बटण दाबणारा हात सहज दिसला असता. मी केंद्राध्यक्षांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, "साहेब, उजेड तिथंच बरा आहे."

मी म्हणालो, "उजेड थोडा कमी चालेल." मग आम्ही दोघांनी मिळून आडोशासकट टेबल उचलले आणि भिंतीकडे नेऊन ठेवले.