अठराव्या वर्षी गायत्रीला विचारायचं होतं

रमिलाबाई लहान मुलालाही विचारल्याशिवाय त्याच्या ताटात भाकरी वाढत नाही. तळोद्याच्या वर डोंगरात तिचा पाडा आहे. तिथल्या आश्रमशाळेत मी शिकवायला गेलो तेव्हा ती माझ्या पहिल्या वर्गात होती. पुढे तिची मुलगी गायत्रीही माझ्याच हाताखाली शिकली. आईसारखीच ती उत्तर देण्याआधी थांबायची. दिलेलं उत्तर मात्र मागे घ्यायची नाही.

गायत्रीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हातपाय ठणकायला लागले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ती नऊ वर्षांची असताना एका संशोधन केंद्राच्या लोकांनी तिचं रक्त नेलं. त्यातली जनुकीय माहिती, म्हणजे आईबापाकडून आलेली शरीराची घडण, वाचून त्यांनी संगणकात जपून ठेवली. नाव काढलं, नंबर लावला. या आजारावर काम करणाऱ्या कुठल्याही देशातल्या शास्त्रज्ञाला ती मागून घेता येत होती. होकार रमिलाबाई आणि तिचा नवरा खात्या या दोघांनी दिला होता. मुलगी अठराची झाली की तिलाच पुन्हा विचारू, असं केंद्राने तेव्हाच सांगितलं होतं.

गायत्री सोळाव्या वर्षी गेली.

यंदा ती अठराची झाली असती. दिवाळीनंतर केंद्रात काम करणारी चेतना तिला विचारायला आली. शहाद्याकडची मुलगी, बोलायला गोड. गायत्री गेल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं. मी सहज भेटायला म्हणून गेलो होतो, अंगणातच बसलो होतो. "मावशी, गायत्री कुठंय?" असं तिने हसत विचारलं, रमिलाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून खाटेवर बसली.

मग तिने सांगितलं, की गायत्रीची माहिती अजून तिथे आहे, दूरदूरच्या डॉक्टरांनी ती अभ्यासली आहे. खात्या किती दिवसांनी हसला. "शाळेचं नाव काढलं की हिचं पोट दुखायचं, गुरुजी. आता डॉक्टरांना शिकवते का?" ठेवा म्हणाला, कायमची ठेवा. पोरगी कुठेतरी आहे, कोणाच्या तरी कामाची आहे, एवढं तरी राहू दे.

मूल हयात नसेल तर आईबापाचा शब्द चालतो, असा केंद्राचा नियम होता. चेतनाने रमिलाबाईला विचारलं, "मग ठेवायची ना, मावशी?"

रमिलाबाई आत गेली. चेतनासाठी पाणी घेऊन आली, जमिनीवर टेकली आणि म्हणाली, "नको. काढून टाका."

खात्या ताडकन उठला. मग तिने आधी त्याला त्यांच्या बोलीत आणि नंतर चेतनाला मराठीत सांगितलं. नंदुरबारच्या दवाखान्यात, सलाईन चालू असताना, गायत्री तिला म्हणाली होती, "अठराची झाले की मी 'नको' म्हणणार. सगळीकडे माझं दुखणंच फिरतंय. मी कुठंच गेले नाही." तुझं तू सांग, असं रमिलाबाईने तिला कबूल केलं होतं.

"हे कोणी ऐकलं होतं?" खात्याने विचारलं.

"मीच."

"मग गप्प राहायचं होतं."

चेतनाने रमिलाबाईला समजावून पाहिलं. आपल्या डोंगरातल्या मुलांची अशी माहिती फार थोडी आहे, कमी झाली तर पुढच्या पोरांचं नुकसान आहे. आधी ज्यांनी नेली त्यांच्याकडून परत आणता येत नाही, यापुढे मात्र ती कोणाला मिळणार नाही. रमिलाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठेवायचीच आहे, बाई," ती म्हणाली. "पण विचारायचं तिला होतं ना, मला नाही."

महिनाभराने चेतनाचा निरोप माझ्या फोनवर आला. पाड्यावर रेंज नसते, म्हणून मी तळोद्याहून जीपने वर गेलो. खात्या ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. जाताना तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. गायत्री गेली तेव्हा सगळा पाडा येऊन बसला होता, बाया दिवस दिवस हलल्या नव्हत्या. या खेपेला दारात कोणी नव्हतं. काय गेलं म्हणून ती कोणाला सांगणार होती?

ती मका सोलत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"काढली?"

"काढली," मी म्हणालो.

ती चटईवर थोडी सरकली. मी बसलो. तिने पदर तोंडावर घेतला, आणि खालून जीपचा हॉर्न वाजेपर्यंत मी तिथून उठलो नाही.