सहा बाय चारचं वावर

किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही हो! वाशीमला पारसच्या कापड दुकानावर एक खोली आहे. तिथं दर रविवारी चार बऱ्यापैकी शहाणी माणसं दोन-दोन इंचांचे सुपरहिरो रंगवायला बसतात, आणि उठेपर्यंत एखादा तरी किस्सा झालेलाच असतो. आता एवढे साचलेत की बोलायला तोंड उघडलं की आधी किस्साच बाहेर पडतो.

आमचा खेळ सोपा आहे. टेबलावर थर्माकोलचं शहर नाहीतर डोंगर मांडायचे, रंगवलेले हिरो आणि व्हिलन उभे करायचे, फासे टाकायचे, इंच मोजून त्यांना पुढं सरकवायचं आणि लढाई करायची. पारसला तुम्ही ओळखलंच. सुलभाताईंचं ब्यूटी पार्लर आहे. गजानन जऊळक्याचा शेतकरी, शहरं आणि डोंगर तो बनवतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून सगळ्यात घाण रंगकाम माझं!

यातल्या गजाननचं लग्न जमत नव्हतं. वय बत्तीस, माणूस सोन्यासारखा, पण गावभर झालेलं, "हा बाहुल्या रंगवते." त्याच्या मायनं या बाहुल्यांचा धसकाच घेतला होता.

*

सुलभाताईंचा हात असा, की तांदळाएवढ्या तोंडावर भुवया कोरतील. पार्लरमध्ये कोणी नसलं की त्या तिथंच हिरो घेऊन बसतात. एकदा एका नवरीची मावशी आली आणि त्या हिरोच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"ताई, काय तेज आलं वो याच्या तोंडावर! मले बी हेच करा."

"करते न! याले पयले टूथब्रशनं घासला, मंग काळा स्प्रे मारला, अन् दोन दिवस उन्हात वाळवला. कधी येता?"

मावशी फक्त भुवया करून गेली.

*

मोजायचं काम पारसकडे, कारण लोखंडी मीटर त्याचा. पण हात पडला कापडवाल्याचा! माप झालं की वर चार बोटं जास्त सोडल्याशिवाय त्याला राहवत नाही. गजाननच्या व्हिलनला सहा इंच चालायचं होतं. पारसनं सहा इंच मोजले, चार बोटं वर सोडली, आणि व्हिलन थेट पारसच्याच हिरोच्या नाकापुढं!

"अबे, तो तुह्यावरच चालून आला न!" मी ओरडलो.

"येऊ दे न. गिऱ्हाईक नाराज नाई झालं पाहिजे."

हरला. तेही हसत हसत हरला.

*

याच पारसच्या खोलीत "मेला" म्हणायला बंदी आहे. घर जैनांचं, म्हणून खेळात पडला तो "घरी गेला" असंच म्हणायचं. एकदा सुलभाताईंनी असा फासा टाकला की पारसची अख्खी फौज आडवी! आम्ही असा कल्ला केला, की खालून पारसच्या आईनं विचारलं, "काय झालं रे?"

"काई नाई आई, सतरा जन घरी गेले!"

आई धापा टाकत जिना चढून वर आल्या. "अन् तू त्यायले बिनाचहाचं जाऊ देलं?"

*

गजाननची तऱ्हा वेगळीच. त्याच्या शहरातली झाडं तुराटीची, ढिगारे सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे. एकदा त्यानं वाळवंट बनवलं. बारीक गोटे दिसावे म्हणून घरातली मोहरी पेरली (हो, पेरलीच म्हणायचं!) आणि वरून पातळ डिंक शिंपडला. आठ दिवसांनी पाहतो, तर वाळवंटाला हिरवे कोंब!

सुलभाताई कोंब उपटायला गेल्या, तर गजानननं त्यांचा हात धरला.

"थांबा न ताई! उगवन पाहा कशी एकसारकी झाली!"

पुढचे दोन रविवार आम्ही मोहरीच्या शेतात लढलो.

*

आता त्याच्या स्थळांचं ऐका. पहिलं गावातल्या बोलण्यानं मोडलं. दुसऱ्याला गजानन मान खाली घालून बसला होता, पण डोकं खेळाच्या नव्या टेबलात. मुलीच्या वडिलांनी शेतीची चौकशी केली, "वावर किती हाये?"

"सहा बाय चार," गजानन म्हणाला. वर पुन्हा सांगितलं, "फूट."

पाहुण्यांनी पोहेसुद्धा अर्धेच खाल्ले.

*

तिसरं स्थळ मानोऱ्याचं. मुलगी कांचन. तिची अट होती, घर पाहायला ती स्वतः येणार. गजाननच्या मायनं मला फोन केला, "मास्तर, तुमी त्याच्याजवळ बसा. बाहुल्याचं बोलला की चिमटा काढा. हे मोडलं तर मी हात टेकले!"

अडचण अशी की, नागपूरच्या स्पर्धेसाठी गजानननं आठ महिने खपून बनवलेलं शहर बैठकीतल्या दिवाणावरच होतं. लढाईत बेचिराख झालेलं शहर. ते दारातून निघेना. मग मायनं त्यावर दोन गाद्या टाकल्या, वर नवी चादर घातली आणि आम्हाला बजावलं, "तिथं कोनाले बसू देऊ नका."

पाहुणे आले. आम्ही खुर्च्या पुढं करेपर्यंत कांचनचे मामा, चांगले शंभर किलोचे, दिवाणावर बसलेसुद्धा. बसले म्हणजे काय, बसतच गेले. हळूहळू खाली.

कर्र.

"पूल गेला," गजानन माझ्या कानात म्हणाला.

मामा पोह्यांची बशी घेऊन मागं टेकले. कट्.

"दवाखाना."

मी चिमटा काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते चिमट्याचं नव्हतं. आठ महिन्यांची मेहनत मामांखाली चालली होती आणि हा लग्नापायी गप्प! मलाच रडू येईल असं झालं.

"गादी लय मऊ हाये बावा तुमची!" मामा खुशीत डुलले.

"पान्याची टाकी," गजानन म्हणाला.

तेवढ्यात कांचन उठली. "मामा, उठा बरं. खाली काहीतरी मोडून राह्यलं." तिनं चादर ओढली, गाद्या बाजूला केल्या. माय डोक्याला हात लावून मटकन खाली बसली.

"हे काय हाये?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मी पुन्हा चिमटा काढायला गेलो, तर गजानननं माझा हात झटकला आणि उभा राहिला. "लढाईत मोडलेलं शहर हाये. म्या बनवलं. बाहुल्या बी रंगवतो, अन् लग्नानंतर बी रंगवीन. लपवलं ते चुकलं आमचं."

कांचन वाकून बघत होती. मामा बसले तिकडं पूल खरंच बॉम्ब पडल्यासारखा वाकडा लोंबत होता, दवाखान्याचा चुरा झालेला, टाकी आडवी. दुसऱ्या बाजूला गजानननं पट्टी लावून पाडलेल्या भेगा, सगळ्या एका मापाच्या. तिनं हे पाहिलं, ते पाहिलं, पुन्हा हे पाहिलं. मग गादी उचलून त्या दुसऱ्या बाजूवर नीट अंथरली.

"मामा," ती म्हणाली, "आता जराक इकडं बसता काय?"