कुंदाचा आवाज फुकटच राहील

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या एका दुकानात तिच्याच खोलीसाठी पडद्याचं कापड बघत होते. दुपारचं ऊन तिच्या खिडकीतून थेट मोबाइलच्या स्क्रीनवर पडायचं, मुलांना काही दिसायचं नाही, म्हणून जाड आणि गडद काहीतरी आण, असं तिने सकाळी मला बजावलं होतं. फोनवर खालच्या मजल्यावरची सुषमा होती. "काकू, बाईंना बघा ना काय झालंय... उठतच नाहीयेत," एवढं बोलून ती रडायला लागली. दुकानदार कात्री हातात घेऊन किती मीटर म्हणून विचारत होता. मी तशीच बाहेर पडले. घरी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. खुर्चीत बसल्याबसल्या गेली, चांगलं मरण आलं, असं जो तो म्हणत होता. मला त्या 'चांगलं'चा राग आला. तो राग अजून उतरलेला नाही, उलट त्यात भर पडत गेली, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे. हळवं काही वाचायला मिळेल म्हणून कोणी बसलं असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं.

कुंदा परब आणि मी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे वडील गिरणीत, दोघींची गावं मालवणच्या बाजूला, दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत. मी बँकेत चिकटले, ती परळच्या एका महापालिकेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवत राहिली. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणायची. सगळी चाळ तिला बाई म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिला कुंदा म्हणणारी शेवटी मी एकटीच उरले होते.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या आणि चाळीतली मुलं गॅलरीत नुसती भटकायला लागली. घरात फोन एक, तोही बाप कामावर घेऊन जायचा. इंग्रजी शाळांतल्या मुलांना शिकायला हजार सोयी, मराठी माध्यमाच्या मुलांना काय? कुंदाने माझ्याकडून यूट्यूब शिकून घेतलं आणि त्यानंतर मला त्यात कधी विचारलं नाही. सरकारी संकेतस्थळं, विदर्भातल्या कुठल्याशा खेड्यात फळ्यासमोर मोबाइल टेकवून शिकवणारे जिल्हा परिषदेचे गुरुजी, निवृत्त प्राध्यापक, परदेशातल्या विद्यापीठांनी फुकट ठेवलेली हलती चित्रं... सगळं धुंडाळायची. पाठ्यपुस्तक मांडीवर उघडं ठेवून एकेक व्हिडिओ बघायची. पुस्तकातले शब्द आणि त्यातले शब्द जुळतात का, गणित मध्येच उडवलंय का, बोलणारा भरभर बोलतो का. आणि प्रत्येक व्हिडिओ शेवटच्या सेकंदापर्यंत बघायची, कारण खरी मेख तिथेच असते, असं तिचं म्हणणं. एकदा मला हाक मारून म्हणाली, "बघ गो शालन, धा मिनिटां फुकट शिकवल्यान आणि शेवटाक दुकान उघडल्यान!" पुढचं बघायचं तर आमचं ॲप घ्या, असं त्या माणसाने शेवटी हळूच सांगितलं होतं. कुंदाने तो व्हिडिओ बाद केला, त्याआधीची दहा मिनिटं उत्तम होती तरी.

पास झालेला व्हिडिओ ती चाळीच्या ग्रुपवर टाकायची आणि सोबत आपल्या आवाजात चार गोष्टी सांगायची. हा कितव्या धड्याला लागू, कुठे थांबवून वहीत गणित करायचं, कुठे तो गुरुजी चुकलाय आणि बरोबर काय. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "हे फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर त्याचं नाव मला सांगा." शाळा उघडल्या तरी हे थांबलं नाही. ग्रुपमध्ये लोअर परळची, काळाचौकीची मुलं आली, अँटॉप हिलच्या कॉलनीतली आली. संध्याकाळी तिच्या खोलीत एका फोनभोवती दाटीवाटीने मुलं बसायची आणि मी पलीकडून ओरडायचे, जरा हळू!

त्याच ग्रुपमध्ये तोही होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. छापलेलं नाव त्याला फार आवडतं, आणि त्याला आवडेल असं काही मी करणार नाही. कुंदाचा जुना विद्यार्थी, शाळेनंतर तिच्याच खोलीत बसून दहावीच्या गणितात सुटलेला. पुढे त्याने आमच्या रस्त्याच्या टोकाला क्लास काढला, मग त्याच्या शाखा झाल्या, मग दर गल्लीत त्याचे हाताची घडी घातलेले फोटो. गेल्या वर्षी पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, आपण ॲप काढूया. आवाज तुमचा, मार्केटिंग माझं."

"तुझ्याकडून मी काय घेतलं होतं रे शिकवायचं?" कुंदाने विचारलं.

"काही नाही बाई."

"मग बस. चहा घे आणि जा."

तो हसला, चहा प्यायला आणि गेला. मी तिला म्हटलं, याला ग्रुपमधून काढ. ती म्हणाली, असू दे, त्याच्या क्लासमधल्या गरीब पोरांना तरी ऐकवेल. ती अशी होती, आणि यासाठी मी तिच्याशी आयुष्यभर भांडले.

कुंदाला स्मशानात पोचवून माणसं परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाळीच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'आदरणीय बाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' शाळेच्या कुठल्यातरी कार्यक्रमातून कापून घेतलेला कुंदाचा फोटो, तिच्या शेजारी डोळे मिटून हात जोडलेला तो. त्याचा फोटो मोठा. आणि खाली, 'बाईंच्या आवाजात शिका! स्मृती बॅच, प्रवेश सुरू.' मी गॅलरीतून खाली उतरले, घरातला सुरा घेऊन. मंडळाचा सेक्रेटरी बंड्या आडवा आला. "काकू, सुतकात राडा नको," म्हणाला. आमच्याकडे माणूस गेला की फ्लेक्स लागतो, लावणाऱ्याचा फोटो त्यावर असतो, याचं कोणाला काही वाटेनासं झालंय. माझ्या हातातला सुरा बंड्याने काढून घेतला तेव्हा मला त्याचाही राग आला होता.

मग खरी गोम कळली. तिच्या बोलण्याची एकही फीत आमच्याकडे उरली नव्हती. सगळ्यांचे फोन कायम भरलेले. ऐकलं की पुसायचं, ही चाळीची रीतच, कारण हवं तेव्हा बाईंना सांगितलं की त्या पुन्हा पाठवणार. बाई नसतील हे कोणाच्या डोक्यात आलंच नाही. मीही काही ठेवलं नव्हतं, भिंतीपलीकडे ती स्वतःच बोलत होती ना. तिचा फोन ठाण्याच्या भाच्याने नेला आणि सगळं पुसून साफ करून आपल्या मुलीला दिला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण झालं ते झालं. म्हणजे कुंदाचा आवाज या जगात आता एकाच माणसाजवळ होता, आणि तो त्याने विकायला काढला होता. भाच्याला मी फोन केला. "काकू, जाऊ दे ना, आत्याचं नावच होतंय," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

सुषमा लोअर परळच्या मॉलमध्ये साफसफाईचं काम करते. तिची तन्वी सहावीत. बाईंचा आवाज आहे म्हणून तिने हप्त्याने फी भरून ते ॲप घेतलं होतं, मला सांगायलाही शरमत होती. तिच्या फोनवर मी ते सगळं ऐकायला बसले. दुसऱ्यांनी फुकट दिलेले व्हिडिओ तसेच उचललेले, त्यांच्यापुढे कुंदा बोलते आणि शेवटाला कच्चकन तुटते. ते ठरलेलं वाक्य सगळीकडून कापलेलं. तिचा आवाज असा तुटला की डोकं फिरायचं. तरी मी एकूण एक ऐकलं, रोज सुषमा कामावरून आली की तिच्या दारात जाऊन बसायचे. आणि एक दिवस सहावीच्या विज्ञानातला 'साधी यंत्रे' हा धडा लागला... तो ऐकून मी इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा हसले. सुषमाला वाटलं, काकूंचं काहीतरी बिनसलं.

मंडळाच्या हॉलमध्ये त्याने 'बाईंना मानवंदना' असा कार्यक्रम ठेवला होता. मोठा पडदा, गणपतीतले स्पीकर, आईबापांनी भरलेल्या खुर्च्या, दारात प्रवेश घ्यायचं टेबल. कुंदाच्या फोटोला हार घालून तो गहिवरून बोलला. बाई मला आईसारख्या, बाईंचं स्वप्न मी पुरं करणार वगैरे. मी पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीची साडी नेसून. त्याचं संपल्यावर मी उठले आणि गोड आवाजात म्हटलं, "सर, बाईंचा तो साधी यंत्रेचा धडा लावा ना. तिचा फार आवडता होता. पूर्ण ऐकवा हं."

"का नाही, काकू!" तो खूश झाला.

कुंदा बोलायला लागली. इतक्या मोठ्याने मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी खुर्ची धरून बसले. "मुलांनो, घरातली विळी बघा, हात लावू नका. अडकित्ता बघा, जोर कुठे देतो ते बघा." तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्येच मागून दारातला आवाज आला, "ताई, पापलेट हाय, बघा तरी!" हॉल हसला. "थांब गो पारू, रेकॉर्डिंग चालू आसा," कुंदा म्हणाली आणि पुन्हा मुलांकडे वळली. "ऐकलंत? ही पारू शीव कोळीवाड्याहून डोक्यावर पाटी घेऊन येते. तिने पैसे मागितले तर ते तिच्या हक्काचे, तिथे घासाघीस करायची नाही. पण मी पाठवते ते फुकट आहे. ज्यांनी बनवलं त्यांनी फुकट दिलंय, मी नुसतं शोधलंय. ते कोणी तुम्हाला विकायला आला तर तो चोर. त्याचं नाव मला सांगायचं. हं, आता तरफेकडे वळू."

त्याने धावत जाऊन बंद केलं. रेकॉर्डिंग कापणाऱ्या त्याच्या पोरांनी नुसते शेवट कापले होते, मधलं कोणी ऐकलंच नव्हतं. "हे राहिलं कसं? सगळीकडचं काढायला सांगितलं होतं ना?" तो आपल्या माणसावर खेकसला. माइक चालू होता, गणपतीतल्या स्पीकरवरून ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं.

मग आमची तन्वी उभी राहिली. वर्गात उभी राहते तशी, हाताची घडी घालून. बाईंनी नाव सांगायला सांगितलं होतं, तिने सांगितलं. आडनावासकट. मग दुसऱ्या रांगेतून एकाने सांगितलं, मग मागून मुलींनी, मग सगळी पोरं ओरडायला लागली. त्या हॉलमध्ये त्याचं नाव मी इतक्या वेळा ऐकलं की माझे कान तृप्त झाले. तो लॅपटॉप मिटायला लागला तेव्हा मी व्यासपीठाशी गेले. "सर, कुंदाचं सगळं इथेच ठेवायचं आणि मग जायचं." आता बंड्या माझ्या बाजूने आडवा उभा होता. सगळं उतरवून घेईपर्यंत त्याला त्या हार घातलेल्या फोटोखालीच बसवून ठेवलं होतं. सुषमाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ती तर दारातल्या कुत्र्यालाही पाणी ठेवते.

प्रवेशाचं टेबल रिकामं उचललं गेलं. आमच्या रस्त्यावरची त्याची शाखा आता अर्धी ओस आहे. कोणी म्हणेल, एवढं कशाला, माणसाचं पोट आहे. असेल. कुंदाचंही पोट होतं, तिने ते पेन्शनवर भरलं आणि उरलेला दिवस तुमच्या मुलांना दिला. मला समाधान वाटलं का, असं लोक विचारतात. वाटलं, भरपूर वाटलं. रात्री मात्र भिंतीपलीकडे शांत असतं. इतकं सगळं तिला सांगायचं होतं... तिने कपाळाला हात लावला असता आणि मग खुदकन हसली असती, ते बघायला मिळालं नाही. ते कशानेच भरून निघत नाही.

परवा तो आला. कुंदाच्या खोलीत मुलं बसली होती, आता किल्ली माझ्याकडे असते. दारात चपला काढून उभा राहिला, हात जोडलेले, या वेळी डोळे उघडे. "काकू, चुकलं माझं. तुम्ही एकदा ग्रुपवर लिहा, प्रकरण मिटलं म्हणून. लोक तुमचं ऐकतात."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"बाई असत्या तर त्यांनी माफ केलं असतं," तो म्हणाला.

"केलं असतं," मी म्हटलं. "चहासुद्धा दिला असता. तेव्हाच यायचं होतंस, ती होती तेव्हा. आता दारात मी आहे."

तो चपला घालायला वाकला. आत कुंदा चौथीच्या मुलांना अपूर्णांक समजावत होती, भाकरीचे चार भाग, त्यातले तीन. मी जाऊन फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला आणि दार सताड उघडं ठेवलं. तीन मजले उतरायचे होते त्याला.