डबे उघडणारा कंपाउंडर

"झाकण काढ."

रामराम नाही, काही नाही. जेवणाच्या सुट्टीत हा माणूस समोर येऊन उभा राहायचा आणि आपल्या डब्यात बोट घालायचा. बोटाला आयोडिनचा वास. भाजी चाटून बघायचा. मला शिसारी यायची. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, दुसऱ्याच्या ताटात नाक खुपसणारा.

अमळनेरच्या तेलगिरणीत तो कंपाउंडर होता. मूळचा फैजपूरकडचा, काडीसारखा. आम्ही भाकर, तिखट आणि गाडीवरची शेव खायचो. शेवेची पुडी दिसली की तो उचलून गटारात टाकायचा. "हे खाऊन बॉयलरपाशी उभा राहतोस? मरशील." लोक पाठीमागं शिव्या द्यायचे. मीही द्यायचो.

एकदा बॉयलरपाशी मी खरंच आडवा झालो. त्यानं बाकावर निजवून बजावलं की भिजवलेले शेंगदाणे, मोडाची मटकी, पालेभाजी, पावशेर दूध, रोज. मी घरी येऊन बायकोला तसंच बजावलं. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी भरलेला डबा आणून द्यायला लागली. कुठून भरते, मी विचारलं नाही.

चार महिन्यांत माझी गालफडं भरली. पोती तोलायच्या काट्यावर कंपाउंडर दर महिन्याला आमचं वजन करायचा. त्या दिवशी मला उभं करून सगळ्यांना म्हणाला, याच्याकडून शिका. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. त्याला कोण आनंद झाला. "अक्का, हे सगळं तुमचं काम. या, तुम्हीही उभ्या राहा."

ती पदर सावरून उभी राहिली. त्यानं काट्यावरून एक वजन उतरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"नाना, हिले खिसामा घाली ली जाय," कोणीतरी मला म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. आज आठवलं की माझ्याच तोंडावर थुंकावंसं वाटतं.

तो हसला नाही. तिला विचारलं, तुम्ही काय खाता?

"त्यासना डबा भरा का मंग उरस ते."

"आणि दूध?"

"दूध त्यासले." एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो फाटकात उभा. डबा आणणाऱ्या बाईनं अर्धा डबा इथंच, नवऱ्याच्या शेजारी बसून खायचा, असा त्याचा हुकूम. आमच्याकडं बाई नवऱ्याआधी घास घेत नाही, आणि हा तिला चार परक्या माणसांत जेवायला बसवतो. मी तिला फाटकावर यायची बंदी केली. मग आम्ही मॅनेजरकडं अर्ज दिला. लिहिणाऱ्यानं लिहिलं, हा माणूस आमच्या बायकांशी बोलतो. खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याला घाण वास यावा असंच लिहिलं होतं. पहिला अंगठा माझा.

त्याला काढलं. जाताना माझ्यापाशी आला. वाटलं, भांडेल. म्हणाला, "तुला एकट्यालाच खायला शिकवलं. चूक माझी." मी म्हटलं, आपलं काम बघ.

बायको पुढं वर्षानुवर्षं तशीच राहिली, उरलेल्यावर. मागच्या वर्षी अंथरुणाला खिळली. मी चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. "तुमी जेवनात का?" मी उपाशी असलो तरी हो म्हणायचो, तेव्हा तोंड उघडायची. फार दिवस नाही उघडलं.

तिचं तेरावं झालं आणि मी धुळ्याची एसटी धरली; कंपाउंडर तिकडं राहायला गेल्याचं कानावर होतं. विचारत विचारत त्याचं घर सापडलं. दार त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं उघडलं. तो दोन वर्षांपूर्वीच गेलेला. कुठून आलात, विचारलं. अमळनेरच्या गिरणीतून म्हटल्यावर ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, दुपारची वेळ आहे, जेवून जा.

तिनं दोन ताटं घेतली. पहिलं स्वतःचं वाढलं, मग माझं. भाजी, मटकी, वाटीत दूध, दोन्हीकडं सारखं. समोर मांडी घालून बसली आणि माझी वाट न बघता तिनं भाकर मोडली.

"बसा ना," ती घास चावत म्हणाली. "गार होतंय."