सुट्टीबाईंचं लुगड्यांचं कुंपण

कुणाकडे जुनं नऊवारी लुगडं पडून आहे असं कळलं की सुट्टीबाई त्या घरी चहाला जात. बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी मोहल्ल्यात त्या दारात दिसल्या की आज्या कपाटाची किल्ली कमरेला खोचत. बाई मागत मात्र ताठ मानेने. "जरीचं नको. विटकं चालेल, विरलेलं नको. गायीच्या शिंगाला टिकलं पाहिजे."

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि मोहल्ल्यातल्या अन्नछत्राची गोशाळा त्यांनी अंगावर घेतली. गोशाळा गंगेपलीकडे, रामनगरला. तिथलं कुरण जागोजागी खरवडल्यासारखं उघडं पडलेलं. अन्नछत्राच्या चिटणीसांनी ठरवूनच टाकलं होतं, की गवत नाही तर गायी ठेवून काय करायचं; त्या कुणाला तरी देऊन टाकू आणि माती वीटभट्टीवाल्याला विकू. बाईंनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात होते आणि पत्रकांवर वाढले होते. वडील मोर्चातून उरलेली पत्रकं घरी आणत. लहानपणी त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि मोठी झाल्यावर पुढची बाजू पाठ केली. भट्टीचं ऐकताच मी एका बैठकीत हिंदी पत्रक लिहिलं आणि बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी लाल पेन काढलं. 'षड्यंत्र' गेलं, 'नराधम' गेला, 'रक्तपिपासू' तर दोनदा गेला.

"विशेषणं मोकाट चरतायत, पोरी. एकदा तोंड घातलं तिथेच पुन्हा. खाली काही उगवणार कसं?"

"मग लढायचं कशाने?" मी चिडून विचारलं.

"हे टोक धर," त्या म्हणाल्या, आणि एका हिरव्या लुगड्याचा पदर माझ्या हातात दिला.

बाईंचं म्हणणं असं होतं, की गाय गवत खाते म्हणून कुरण मरत नाही, ती लगेच परत येते म्हणून मरतं. "तू चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचतेस ना? गायही तेच करते. कालच्या जागी कोवळा कोंब आला की आज तोच खुडते आणि शेजारचं राठ गवत तसंच सोडते. त्या बिचाऱ्या कोंबाला मूळ धरायला सवड कधी मिळायची?" म्हणून त्यांनी बांबू रोवून, त्यांना लुगडी बांधून कुरणाचे पट्टे पाडले. पट्ट्यांना नावं दिली पाचवी अ, पाचवी ब, सहावी अ. गायी एका वर्गात बसायच्या, कोवळं-राठ सगळं खायच्या, तिथेच शेण टाकायच्या. मग बाई शाळेची जुनी पितळी घंटा वाजवायच्या आणि वर्ग बदलायचा. रिकाम्या झालेल्या वर्गाला लांबलचक सुट्टी. बाईंचं नाव पडलं ते यावरून.

गोशाळेतल्या लल्लनभैयाला हे पटलं नव्हतं. "बहिनजी, गाय साड़ी को दीवाल मानेगी?"

"क्यों नहीं मानेगी? मेरी लड़कियाँ खडू की लकीर मानती थीं."

आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या लुगड्यांपासून गायी खरोखरच बिचकून राहू लागल्या. अपवाद एकच, महारानी नावाची म्हातारी गाय. ती पदर बाजूला सारून शेजारच्या वर्गात जायची. बाई तिला कान धरून परत आणायच्या. "नापास झालीस तरी बसायचं इथेच."

सुरुवातीला सुट्टीतले पट्टे मोकळे ठेवायचे म्हणून गायींना कोरडा भुसा घालावा लागला. पलीकडे हिरवं दिसत असताना गायींना बांधून ठेवते, पाप लागेल, असं मोहल्ल्यात लोक कुजबुजू लागले. गंगा चढली, नावा बंद झाल्या, तेव्हा बाई टेम्पोने पुलावरून जाऊन घंटा वाजवून येत. श्रावण संपता संपता उघड्या जमिनीवर हरळीचे धागे धावू लागले.

दिवाळीच्या तोंडावर चिटणीस भट्टीवाल्याला घेऊन आले. सोबत त्यांची आईही होती. तिला आपलं लुगडं पाहायचं होतं. उलट्या बादलीवर बसून ती आम्हाला बोट दाखवून सांगत होती, "ते डाळिंबी माझं. याच्या बारशाचं."

भट्टीवाल्याने मापाची फीत काढली. "पहले ये कपड़े हटवाइए."

चिटणीस तरातरा सहावी अ मध्ये शिरले आणि चार पावलांवर थांबले. एक पाय उचलून खाली बघू लागले. चप्पल गवतात गेली होती. ते वाकले, हाताने गवत फाकलं, पुन्हा फाकलं. लल्लनभैया मदतीला धावला, त्यालाही सापडेना.

"गवत नाही म्हणत होतास ना?" आई बादलीवरून म्हणाली. "मग शोध आता."

आधी बाई हसल्या, मग आम्ही सगळे, शेवटी एका पायावर उभे असलेले चिटणीसही. भट्टीवाल्याने फीत गुंडाळली. गायी राहिल्या. ती चप्पल पुढे महारानीच्या पायाखाली निघाली, त्या पट्ट्याची सुट्टी संपल्यावर.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात बाई गेल्या. मणिकर्णिकेवर त्यांना पोचवून आलो. तेरावा झाल्यावर मोहल्ल्यातल्या बायका बाईंचं निळं लुगडं घेऊन नावेतून पलीकडे गेल्या. ते कुठे बांधायचं यावर थोडी वादावादी झाली. शेवटी वर्ग बदलताना जिथलं लुगडं सोडावं लागतं, त्या तोंडाशी बांधलं. गाठ मी मारली. निरोपाचं भाषण लिहून नेलं होतं, ते वाचायला उभी राहिले आणि आधी त्यातली विशेषणं खोडू लागले. खोडता खोडता एकच ओळ उरली: बाईंनी गवताला सुट्टी दिली.

ती वाचून मान वर केली तर महारानी निळा पदर चघळत उभी. लल्लनभैया काठी घेऊन निघाला आणि अर्ध्यात थांबला.

"रहे दीजिए बिटिया," तो म्हणाला. "घंटा का टैम हो गया है. बजाइए."

मी घंटा वाजवली.