आकारामचं गंभीर नाटक

आकाराम आमचा पेंटर. कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरतो आणि आपल्या चंदगडच्या बोलीत नाटकं लिहून ते पुन्हा रिकामं करतो. मी त्याच्या नाटकांत पेटी वाजवतो, म्हणून एवढं बोलायचा अधिकार. त्याची तऱ्हाच उलटी. आधी पडदा रंगवणार, मग त्याच्यासमोर मांडी घालून संवाद लिहिणार. आजवरची सगळी नाटकं विनोदी. त्याच्या पात्रानं नुसतं ‘व्हय की’ म्हटलं तरी शहरातली माणसं पोट धरून हसतात.

यंदा त्यानं पडद्यावर पावसातला एसटीचा थांबा रंगवला, तेव्हाच मी चरकलो. तो लहान असताना त्याची धाकटी बहीण तापानं फणफणली, तेव्हा आई, अंबूबाई, तिला मांडीवर घेऊन अशाच थांब्यावर बसली होती. गाडी आली तेव्हा पोर गेलेली होती आणि आई तिला उठवतच राहिली. उठवतानाचे आईच्या तोंडचे तेच शब्द त्यानं नाटकात घातले. तिला विचारलं नाही. वर प्रयोगाला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं.

त्या दिवशी आकारामच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. आईला वाईट वाटेल ही धास्ती होतीच, पण खरी भीती दुसरीच. लोक सवयीनं हसले तर? विंगेत येरझाऱ्या घालत तो मला सारखं हेच विचारत होता. मी म्हटलं, गप बस, माणसं काय दगड आहेत का. खरं तर मलाही तीच धास्ती होती.

थांब्याचा प्रवेश आला. आमची नटी प्रियदर्शनी मांडीवरच्या पोरीला हलवत म्हणाली, “उठ की गं बाय, गाडी आली न्हवं.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं नाट्यगृह हसलं. आकारामनं विंगेतून वाकून पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. पहिल्या रांगेत अंबूबाईही तोंडाला पदर लावून हसत होती.

पडदा पडल्यावर तो आईपुढे जाऊन उभा राहिला. ते बोलणं कुणाचं होतं, कळलं नाही का तुला, असं त्यानं कसंबसं विचारलं.

“वळीखलं की रं,” अंबूबाई म्हणाली. “पर तू लिवलंयास म्हंजी हसायचंच आसंल, म्हनून हसले. चुकलं व्हय माजं?”