जप्त न झालेला कोयता

असले किस्से जमवावे लागत नाहीत. पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर अर्ज टाइप करायची टपरी टाका, ते आपल्या पायांनी चालत येतात. काही तर डोक्याला टाके घालून येतात! ठाण्याचं नाव विचारू नका. कर्जत-खालापुरातलं कुठलंतरी समजा. मला उद्या तिथंच बसायचंय.

पोशीरची वनिताबाई जानेवारीत आली. बांधाच्या भांडणात दिराने डोक्यात कोयता घातला होता. आठ टाके. हवालदार म्हणाले, "चालत आलात ना? मग एनसी." म्हणजे वहीत नोंद आणि घरी रवानगी!

*

दुसऱ्या दिवशी दिराला बोलावलं. त्याला खुर्ची आणि चहा, तिला बाहेरचा बाक. "घरातलंच आहे, मिटवून टाका," हवालदार म्हणाले.

दीर हसला. "माझ्याकडनं कवाच मिटलंय, साहेब!"

*

मी अर्जात 'कोयता जप्त करावा' असं ठळक टाइप करून दिलं. हवालदारांनी दिराला फोन लावला. तो म्हणाला, "भाताच्या रोपांसाठी राब भाजायचाय, फांद्या तोडायला कोयता लागतो. काम झालं का आणून देतो."

आणि हे म्हणाले, "बरं, आठवणीने आण!"

माझं डोकंच फिरलं. अहो, हत्यार आहे की लग्नात मागून नेलेलं पातेलं?

*

मग दिराने अंगणात धमकी दिली, "आता डोकं, पुढच्या टायमाला मान." वनिताबाई पोरीला कोंडाण्याला, माहेरी ठेवून ठाण्यात आली. हवालदार शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी मारलं की लगेच या. एफआयआर नक्की घेऊ!"

"तवा येनार कोन, साहेब?"

हवालदार जेवायला गेले.

*

शिमग्याआधी ठाण्यात शांतता समितीची मीटिंग होती. ठराव टाइप करायला मला बोलावलेलं. बघतो तर सदस्यांच्या रांगेत, हातात गुलाब घेऊन, तो दीर!

मीटिंग सुरू झाली आणि वनिताबाई आत आली. पिशवीतून कोयता काढून तिने टेबलावर ठेवला. "याच्या पडवीतून उचलून आनला. तुमाला यायला जमना."

मोठे साहेब ताडकन उठले. "ठाण्यात हत्यार? घ्या एफआयआर!"

दोन महिने जे जमलं नाही ते दोन मिनिटांत सुरू झालं. हवालदार कागद पुढे ओढत तिला म्हणाले, "बाई, आता तुम्हाला आत टाकावं लागेल."

"टाका की," ती म्हणाली. "बदलायचं लुगडं घेऊनच आलेय. तितं तरी झोप लागंल मला."